सल्ला ओठांवर येतो तेव्हा

"हो ताई, बरोबर आहे तुमचं. पण..."

काही वर्षांपूर्वी ऑफिसातली एक तरुण सहकारी माझ्याकडे आली होती. नुकतीच तिच्यावर सहा जणांच्या टीमची जबाबदारी पडली होती आणि काम दुसऱ्यावर सोपवणं तिला काही केल्या जमत नव्हतं. इतरांनी केलेले अहवाल ती रात्री जागून स्वतःच दुरुस्त करायची. मी स्वतः त्यातून गेले होते, त्यामुळे उत्तरं माझ्याकडे तयारच होती. छोट्या कामांपासून सुरुवात कर, म्हटलं. ती म्हणाली, "हो, पण छोटं काम समजावून सांगत बसण्यापेक्षा माझं मीच पटकन होतं." मग काय हवंय ते लिहून देत जा, म्हटलं. "हो, पण लिहायला वेळ कुठे मिळतो?" अर्ध्या तासात मी चार सल्ले दिले आणि तिने चारही वेळा ‘पण’ म्हटलं. उठून जाताना ती आली होती त्यापेक्षा जास्त थकलेली दिसत होती.

माझा एकही सल्ला चुकीचा नव्हता. तरी त्या अर्ध्या तासात नेमकं काय झालं बघा: बदलाच्या बाजूने सगळं मी बोलले आणि बदल का शक्य नाही ते सगळं ती बोलली. माणूस जे स्वतःच्या तोंडाने बोलतो, तेच त्याला हळूहळू पटत जातं. म्हणजे काम सोपवणं अशक्य आहे, हे तिला पटवून द्यायला मीच मदत केली होती.

दुसऱ्याला घडवणं, म्हणजे कोचिंग, यामागचं मानसशास्त्र समजून घ्यायचं तर या ‘पण’पासून सुरुवात केलेली बरी. कोचिंग म्हणजे इथे शिकवणी वर्ग नव्हे. एक माणूस दुसऱ्याला एखादं कौशल्य, सवय किंवा निर्णय त्याचा त्याला जमावा म्हणून साथ देतो, ते कोचिंग. खेळाचा प्रशिक्षक, टीमचा प्रमुख, संगीत शिकवणारे गुरुजी, मोठी बहीण, सगळे यात आले.

‘पण’ कुठून येतो? जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली एक साधी गोष्ट मांडली. आपलं निवडीचं स्वातंत्र्य कोणी काढून घेतंय असं वाटलं, की माणूस ते परत मिळवायला धडपडतो. समोरचा जितक्या जोरात ‘हे कर’ म्हणेल, तितकी न करण्याची ओढ वाढते. हा हट्टीपणा नाही, कोणाच्याही मनाची ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. त्यातून बदलाच्या उंबरठ्यावरचा माणूस बहुधा दुभंगलेला असतो. त्याला बदलायचंही असतं आणि जैसे थे राहायचंही असतं. आपण एका बाजूला जोर लावला की तोल राखायला तो आपोआप दुसऱ्या बाजूला झुकतो.

हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात विल्यम मिलर यांनी बारकाईने पाहिलं. दारूच्या आहारी गेलेल्या माणसांना त्या काळी खडसावणं, तोंडावर सत्य फेकणं हाच उपचार समजला जाई. मिलर यांनी 1983 साली वेगळी वाट मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत 1991 साली तिचं पुस्तक केलं. या पद्धतीला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. मराठीत प्रेरणा जागवणारा संवाद म्हणता येईल. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1993 सालच्या एका अभ्यासात असं दिसलं, की समुपदेशक जितका जास्त खडसावत होता, तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त होती. मला हे वाचताना माझे चार सल्ले आठवले. मी खडसावलं नव्हतं, पण ढकलत मीही होते.

या पद्धतीतली एक कल्पना प्रत्येक कोचने मनात कोरून ठेवावी अशी आहे. दुसऱ्याचं काही चुकताना दिसलं की ते लगेच सरळ करण्याची एक ऊर्मी आपल्यात उठते. ती चांगुलपणातूनच येते, म्हणून तर ती ओळखायला कठीण. ती ऊर्मी आवरायची आणि बदलाची कारणं समोरच्याच्या तोंडून येतील असे प्रश्न विचारायचे.

त्या सहकारीशी पुढची भेट झाली तेव्हा मी एकच प्रश्न ठरवून गेले होते. "काम सोपवायला शिकणं तुला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये आकडा सांग."

"पाच."

माझ्या ओठांवर आलं होतं, ‘फक्त पाच? का बरं?’ हा प्रश्न विचारला असता, तर तिने पुन्हा अडचणींचीच यादी वाचली असती. म्हणून उलट विचारलं, "पाच का? दोन का नाही?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "दोन कसं असेल ताई? असंच चाललं तर मी आजारी पडेन. आणि ती पोरं काहीच शिकणार नाहीत, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडेल." आधीच्या भेटीत मी हेच तिला समजावत होते. तेव्हा ते माझं म्हणणं होतं, आता तिचं झालं. दोन्ही प्रश्न दिसायला सारखेच आहेत, पण एकातून सबबी निघतात आणि दुसऱ्यातून कारणं.

ती थांबली, त्या थांबण्याबद्दलही सांगायला हवं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं तिला दिसलं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद लिहायला थोडे वाटतात. समोरासमोर बसून ते गप्प राहून काढायचे, तर फार लांब असतात. मनातल्या मनात आकडे मोजायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आणि आजही मोजते.

या सगळ्याच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आहेत. माणूस बदलायचा तर समोरच्याकडून काय मिळावं लागतं, याचं उत्तर त्यांनी 1957 साली दिलं. त्यातल्या तीन गोष्टी आजही मार्गदर्शन शिकवताना पहिल्या सांगितल्या जातात: समोरच्याचं जग त्याच्या डोळ्यांनी समजून घेणं, कोणतीही अट न घालता त्याचा मान राखणं, आणि आपण आतबाहेर एकच असणं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आतून चिडलेलं असताना तोंडावर शांत हसू ठेवलं, तर ते समोरच्याला कळतंच.

आता एका अशा समजाकडे येते, जो अनेक चांगल्या प्रशिक्षकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. ‘कौतुक केलं की पोरं बिघडतात, रागावलं की सुधारतात.’ आणि ते हे ऐकीव सांगत नाहीत, स्वतःच्या अनुभवावरून सांगतात.

डॅनियल कानमन यांना पुढे 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते मुळात मानसशास्त्रज्ञ. इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना एकदा ते शिकवत होते. कौतुकाने माणूस शिक्षेपेक्षा चांगलं शिकतो, असं त्यांनी सांगितलं तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, की माझा अनुभव अगदी उलटा आहे. एखाद्या कॅडेटने अवघड कसरत सुरेख केली आणि मी शाबासकी दिली, की पुढच्या वेळी तो बहुतेक ती वाईट करतो. वाईट केली आणि मी ओरडलो, की पुढच्या वेळी सुधारतो.

प्रशिक्षकाचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकला होता. कोणाचीही कामगिरी दर वेळी थोडी वरखाली होते. एखादा दिवस विलक्षण चांगला गेला, तर पुढचा दिवस बहुधा नेहमीच्या पातळीच्या जवळ, म्हणजे आदल्यापेक्षा कमीच असणार. विलक्षण वाईट दिवसानंतर तसंच उलट. शाबासकी दिली काय आणि न दिली काय, हे होणारच. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. पण आपण शाबासकी चांगल्या दिवसानंतर देतो आणि ओरडतो वाईट दिवसानंतर. त्यामुळे ओरडण्याला नेहमी श्रेय मिळतं आणि शाबासकीवर नेहमी दोष येतो.

मला या गोष्टीची खरोखर काळजी वाटते. वर्षानुवर्षं मन लावून काम करणाऱ्या माणसाला त्याचा अनुभव चुकीचा धडा देत राहतो आणि तो प्रामाणिकपणे अधिकाधिक कठोर होत जातो. त्याची किंमत शिकणारा मोजतो. लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर अमेरिकेत झालेला 1992 सालचा एक अभ्यास इथे बोलका आहे. काही प्रशिक्षकांना चुकीनंतर धीर कसा द्यावा, तंत्र कसं सांगावं, शिक्षा कशी टाळावी याचं प्रशिक्षण दिलं होतं. पुढच्या मोसमात त्यांच्या हाताखालच्या मुलांपैकी 5 टक्के मुलांनी खेळ सोडला. असं प्रशिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांकडे हेच प्रमाण 26 टक्के होतं. हरण्याजिंकण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता.

म्हणजे भरपूर कौतुक करावं का? तसंही नाही. अभिप्रायाबद्दल, आपण ज्याला सर्रास फीडबॅक म्हणतो त्याबद्दल, क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी 1996 साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सहाशेहून अधिक निष्कर्षांत सरासरी परिणाम चांगला होता. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅक मिळाल्यावर कामगिरी खालावली होती. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं, की फीडबॅकमुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की घोटाळा होतो. ‘तू निष्काळजी आहेस’ हे वाक्य ऐकल्यावर मन स्वतःचा बचाव करायला लागतं. ‘तू हुशार आहेस’ हे ऐकल्यावर ते हुशारी टिकवायच्या काळजीत पडतं. ‘दुसऱ्या पानावरचे आकडे तक्त्याशी जुळत नाहीत’ हे ऐकल्यावर ते दुसऱ्या पानाकडे जातं.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 सालच्या प्रयोगांतही हेच दिसलं. ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड कोड्यांसमोर लवकर हात टेकत होती. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेल्या मुलांनी जास्त चिकाटी दाखवली. मात्र याच कल्पनेवर बेतलेल्या एखाद्या तासाभराच्या सत्रातून माणसाची मनोवृत्ती पालटते, असा जो गवगवा पुढे झाला, त्यावर मी फार विसंबणार नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो परिणाम माफकच निघाला.

उत्तम कोच प्रत्यक्षात काय बोलतो, हे दोन संशोधकांनी अक्षरशः मोजून पाहिलं आहे. जॉन वुडन हे अमेरिकेतले बास्केटबॉलचे प्रशिक्षक. त्यांच्या विद्यापीठाच्या संघाने बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 1974-75च्या मोसमात रोनल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प त्यांच्या सरावाच्या 15 सत्रांना जाऊन बसले आणि वुडन यांची शिकवण्याची प्रत्येक कृती नोंदवत गेले. अशा 2300 हून अधिक नोंदी झाल्या. कौतुकाचा वाटा होता सुमारे 7 टक्के आणि रागावण्याचाही जवळपास तितकाच. निम्म्याच्या आसपास नोंदी म्हणजे नुसत्या सूचना होत्या, काय करायचं आणि कसं करायचं ते थोडक्यात सांगणाऱ्या. जोशपूर्ण भाषणं नव्हती. आधी बरोबर करून दाखवायचं, मग खेळाडू काय चुकतोय ते करून दाखवायचं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत.

इथे कोणी विचारेल, की आधी म्हणालीस सल्ले देऊ नका आणि आता सूचनांचं कौतुक करतेस. मलाही हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. वुडन यांच्यासमोर आलेला खेळाडू ‘मला हे शिकायचं आहे’ हे आधीच ठरवून आलेला होता. त्याला प्रश्न विचारत बसणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. ज्याचा निर्णय झाला आहे आणि ज्याला फक्त कसं करायचं ते कळत नाही, त्याला स्पष्ट सांगावं. ज्याचा निर्णयच झालेला नाही, त्याला कितीही स्पष्ट सांगितलं तरी उपयोग नाही. समोर कोण बसलंय हे ओळखणं, कोचचं निम्मं काम तिथेच आहे.

शरीराने करायच्या कौशल्यात सूचनेचे शब्दही फार फरक पाडतात. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1998 साली स्कीइंगच्या सराव यंत्रावर लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, बाहेरच्या पायावर जोर द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या बाहेरच्या चाकांवर जोर द्या. फरक एवढाच, तरी चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. आपल्याच अवयवावर लक्ष गेलं की सहज होणारी हालचाल अडखळते.

सहकारीला मात्र आता ‘मला हे करायचंय’ असं वाटत होतं, पण ‘मला जमेल’ असं वाटत नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 साली नाव दिलं, ते मराठीत स्व-क्षमतेवरचा विश्वास असं येईल. तो चार वाटांनी येतो, असं त्यांनी मांडलं: स्वतः करून यशस्वी झाल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या क्षणीची शरीर-मनाची अवस्था. सगळ्यांत भक्कम पहिली वाट. आपण मात्र तिसऱ्या वाटेवर फार वेळ घालवतो. ‘तुला नक्की जमेल’ हे दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा जमेल एवढं छोटं काम शोधून देणं जास्त मोलाचं.

ते छोटं काम काय असावं, हेही तिलाच विचारलं. तिने आठवड्याचा आढावा अहवाल निवडला. "या वेळी मी त्याला हात लावणार नाही," म्हणाली.

निर्धार चांगला होता, पण निर्धारावर सोडून चालत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं काम इथे हाताशी येतं. ‘मी करीन’ या संकल्पाऐवजी ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलं, तर ते घडण्याची शक्यता बरीच वाढते. त्यांनी शीरन यांच्यासोबत 2006 साली 94 अभ्यास एकत्र पाहून हे दाखवलं. प्रसंग आला की काय करायचं ते आठवायची आणि पुन्हा ठरवायची गरज उरत नाही.

"अहवालात तुला चूक दिसली की हात शिवशिवणारच," मी म्हटलं. "तेव्हा काय करशील?"

एक, दोन, तीन.

"चूक दिसली की फाइल बंद करीन आणि ज्याने लिहिलाय त्याला फोन करून विचारीन, दुसरं पान पुन्हा बघतोस का?"

हे मी सुचवलं असतं तर इतकं नेमकं सुचलं नसतं. फाइल बंद करायची, हे तिचं तिलाच माहीत होतं. तिच्या हातांची सवय मला कुठून कळणार?

बक्षिसांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हा प्रश्न पालक आणि टीमचे प्रमुख दोघंही विचारतात. एडवर्ड डेसी यांनी 1971 साली कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांवर आणि लेपर, ग्रीन, निस्बेट यांनी 1973 साली चित्रं काढणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केले. जे आवडीने चाललं होतं त्यावर आधीच बक्षीस कबूल केलं, की बक्षीस संपल्यावर आवड ओसरली. मुलांच्या प्रयोगात चित्रं काढण्यातला वेळ इतरांच्या तुलनेत निम्म्यावर आला. याच धाग्यावरून डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं, की माणसाला तीन गोष्टी आतून हव्या असतात: आपलं आपण ठरवणं, जमतंय असं वाटणं, आणि आपलं कोणीतरी असणं. कंटाळवाण्या कामाला बक्षीस जरूर द्यावं. आवडत्या कामाला मात्र जपून.

कोचने कुठे थांबायचं, हेही त्याला ठाऊक हवं. समोरच्याची झोप उडाली असेल, काहीच करावंसं वाटत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, जगण्यात अर्थ नाही असे शब्द बोलण्यात येत असतील, तर ते कोचिंगचं काम नाही. तिथे शून्य ते दहाचे प्रश्न विचारू नयेत. ‘हे मला महत्त्वाचं वाटतंय आणि यासाठी माझ्यापेक्षा योग्य माणूस हवा’ असं सरळ सांगून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सोबत करावी. आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरून एखाद्याला मार्गदर्शन करत असाल, तर बोलण्यातलं काय वरपर्यंत जाईल आणि काय जाणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करावं. नाहीतर पुढचं सगळं ऐकणं वाया जातं.

पहिला अहवाल तिने न दुरुस्त करता पाठवला, तेव्हा त्यात एक चूक राहिलीच. ती रडवेली होऊन आली. सरळ करण्याची ऊर्मी माझ्यात पुन्हा उसळून आली, आणि मी पुन्हा आकडे मोजले. मग विचारलं, "चूक कोणाला सापडली?" ज्याने अहवाल लिहिला होता, त्यालाच, दुसऱ्या दिवशी सकाळी. तिला कोणी सांगायच्या आत त्याने सुधारून पाठवलाही होता. हे सांगतानाच तिचा आवाज बदलला.

सतत मिळणाऱ्या फीडबॅकचाही आधार होतो, आणि आधार काढला की शिकलेलं डळमळतं, असं कौशल्य शिकण्यावरच्या संशोधनात 1980च्या दशकापासून दिसत आलं आहे. म्हणून आम्ही भेटी हळूहळू लांबवल्या. आठवड्याच्या पंधरवड्यावर नेल्या, मग महिन्यावर. चौथ्या महिन्यात भेटीच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला: "ताई, या वेळी भेटायची गरज वाटत नाहीये. चालेल ना?"

मला विचारायचं होतं, अहवालाचं कसं चाललंय, फाइल अजून बंद करतेस का. तीनपर्यंत मोजलं आणि ‘चालेल’ एवढंच लिहिलं.